हात न लावता मंजूर

मी कंपनीत नेमकं काय करत होते, हे माझ्या घरात आजतागायत कोणाला कळलेलं नाही. नवऱ्याचं काम सोपं होतं. तो भातसा धरणावर. दार उचललं की पाणी सुटायचं, दार टाकलं की थांबायचं, आणि ते मुंबईत कोणाच्या तरी नळाला यायचं. सासूबाईंना ते लगेच पटायचं. माझ्याबद्दल कोणी विचारलं की त्या म्हणायच्या, "ती मुरबाडला जाते." म्हणजे जाणं हेच काम. आता शहापूरहून मुरबाडला रोज जाऊन येणं हेही काही कमी काम नव्हे म्हणा. किन्हवलीपर्यंत जीपमध्ये एका मांडीवर बसायचं, सरळगावला उतरून दुसरी धरायची, आणि कंपनीच्या फाटकात पोचेपर्यंत केसांत निम्म्या रस्त्याची धूळ.

या अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल लिहा, पण सोपं लिहा" असं सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. सोपं असतं तर मी घरी नसतं का सांगितलं? तरी प्रयत्न करते. त्यातही एक प्रकरण असं आहे की ते मला स्वतःलाच अजून नीट उलगडलेलं नाही. लिहिता लिहिता उलगडलं तर बरंच, नाहीतर तुम्ही वाचून मला सांगा.

आमची कंपनी मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत. तिथे ओतीव लोखंडाचे पाइपांचे सांधे बनतात. नाव लिहीत नाही, तिथे अजून माझी माणसं आहेत. मी लागले ती टेलिफोन बोर्डावर. पुढे बोर्ड गेला, कॉम्प्युटर आले, आणि "बाई बोर्ड सांभाळत होत्या, हेही सांभाळतील" असं म्हणून मला सर्व्हरच्या खोलीत नेऊन बसवलं. सुरुवातीला रडले, मग चिडले, मग चिडत चिडत शिकले. माझा स्वभाव मुळात तापट, त्यामुळे चिडून शिकलेलं मला जास्त लक्षात राहतं.

सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरच, फक्त त्याच्यासमोर कोणी बसत नाही. सगळे आपापल्या जागेवरून त्याच्याशी बोलतात. आमच्या सर्व्हरवर कंपनीची आपापसातली एक जागा होती. नोटिसा, ड्रॉइंगं, मीटिंगच्या वेळा, रजेचे अर्ज, पाळ्यांची अदलाबदल, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सगळं तिथेच लिहायचं आणि तिथेच वाचायचं. मोबाइलवरूनही उघडायचं. त्याचं खरं नाव लांबलचक इंग्रजी होतं, पण आमच्या माणसांनी त्याला लगेच 'कट्टा' करून टाकलं आणि मी झाले 'कट्ट्यावरची ताई'. भट्टीवरचा एक जण तर माझ्या खोलीत यायच्या आधी हात साबणाने धुऊन यायचा. व्हायरस लागू नये म्हणून. कोणाला, मला की सर्व्हरला, ते मी कधी विचारलं नाही.

कट्टा चालू ठेवणं हे दिसणारं काम. न दिसणारं काम असं, की कट्ट्यावर कोणी असं काही लिहू नये ज्याने वाचणाऱ्याचाच घात होईल. त्याला क्रॉस साइट स्क्रिप्टिंग म्हणतात. मीही ते नाव ऐकून बराच काळ दबकून होते. तर आपण लग्नात जाऊ.

आमच्याकडच्या लग्नात माइकवर एक माणूस असतो. लोक त्याच्या हातात चिठ्ठ्या देतात. अमुक गावचे सरपंच आलेत, तमुक मामांचं स्वागत, असं तो वाचत राहतो. समजा एका चिठ्ठीत कोणी लिहिलं, 'पंगत उठवा'. शहाणा माणूस हसून ती बाजूला ठेवेल. पण हा माणूस इतका सरळ, की चिठ्ठीतलं वाचायचं कोणतं आणि करायचं कोणतं ते त्याला समजत नाही. तो माइक ठेवतो आणि खरंच पंगत उठवायला जातो. तुम्ही ज्यातून कट्टा बघता तो ब्राउझर म्हणजे हा माणूस. लिहिणाऱ्याने मजकुरात काही ठरावीक खुणा पेरल्या की त्याला ती अक्षरं वाटत नाहीत, हुकूम वाटतो. आणि खरी मेख पुढेच आहे. चिठ्ठी देणारा बाजूलाच राहतो, हुकूम पाळला जातो तो वाचणाऱ्याच्या नावाने. वाचणारा पासवर्ड टाकून आत आलेला असतो, त्यामुळे सर्व्हरला वाटतं त्यानेच केलं. नोंदही त्याच्याच नावावर पडते.

हे सगळं मी एकदा मीटिंगमध्ये सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग क्वालिटीचे एक साहेब म्हणाले, "ताई, पण त्या लग्नात शेवटी जेवण मिळालं की नाही?" याच साहेबांना नोटिशीवर वरून फुलं पडायला हवी असायची. वाढदिवसाला नाव सरकत जायला हवं, दसऱ्याला आपट्याची पानं पडायला हवीत. फुलं पाडायची तर कट्ट्याला थोडे हुकूम पाळायची मुभा द्यावी लागते. मी नको म्हणायचे, वरून हो यायचं. कट्टा बनवणाऱ्यांकडून अधूनमधून दुरुस्त्या यायच्या, त्या बसवायला कट्टा जरा बंद ठेवावा लागतो. मी परवानगी मागायला गेले की उत्तर ठरलेलं, "आत्ता नको ताई, डिस्पॅच आहे." डिस्पॅच नाही असा दिवस आमच्या कंपनीत उगवलाच नाही.

आता ते प्रकरण.

टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरी आणि रजेच्या खिडकीवर, सुजाता नावाची मुलगी होती. भातसानगरच्या अलीकडच्या वस्तीतली, बौद्ध कुटुंबातली, बी. कॉम. झालेली. तिचे वडील जन्मभर धरणावर रोजंदारीने राबले. माझा नवरा त्यांना चांगला ओळखायचा. पुढच्या वर्षी कायम करू, त्याच्या पुढच्या वर्षी करू, हे ऐकत ऐकत ते थकले आणि घरी बसले. सुजाता आमच्याकडे कंत्राटावर लागली, कामाला चोख निघाली, आणि या खेपेला तिला कायम करायचं साहेबांनी कबूल केलं होतं. वडील शहापूरच्या बाजारात भेटले की मला थांबवायचे. "वयनी, पोरीचं परमनंटचं कवा?" एवढंच विचारायचे, दुसरं काही नाही. आपल्याला नाही मिळालं ते पोरीला मिळतंय, या एका गोष्टीवर त्या माणसाचे दिवस चालले होते.

सुजाताचं काम रजेच्या अर्जांचं. कट्ट्यावर अर्ज आला की तो उघडायचा, त्या खात्यातले आधीच किती जण रजेवर आहेत ते बघायचं, मग मंजूर नाहीतर नामंजूर असं बटण दाबायचं, आणि त्याप्रमाणे पाळ्या लावायच्या. तेच बटण साहेबांकडेही होतं. साहेब म्हणजे आमचे मॅनेजर पाटणकर. माणूस वाईट नाही, पण सदा घाईत. बोलता बोलता उठून जायचे आणि आपण अर्धं वाक्य हातात धरून बसायचं.

मुरबाडजवळ म्हसा गाव आहे. त्या म्हशाची जत्रा आली की आमच्या कंपनीत कोणाचं कामात चित्त नसतं. बैलबाजार भरतो, घोंगड्या येतात, नवस फेडायचे असतात, बहिणी माहेरी आलेल्या असतात. रजेवर सगळेच टपलेले. पण भट्टी खात्याला सगळ्यांना एकदम सोडून चालत नाही. भट्टीत लोखंडाचा रस असतो. त्याच्याकडे बघायला माणूस नसला आणि तो आतच थिजला, की भट्टीचं अस्तर फुटतं, मग ते खणून काढत बसा. म्हणून दरवर्षी थोडे जत्रेला, थोडे कामावर, आणि कामावर राहिलेले सुजातावर रुसून बसलेले, असा रिवाज होता.

त्या वर्षी जत्रेच्या सकाळी भट्टीवर कोणी आलंच नाही. रात्रपाळीवाले हात धुऊन निघाले. त्यांचीही रजा मंजूर, बाहेर जीप उभी. सकाळपाळीचे केव्हाच म्हशाला पोचलेले. सुपरवायझर एकटा भट्टीसमोर. त्याने एकेकाला फोन लावले तर पलीकडून पिपाण्यांचा आवाज. दुपारपर्यंत रस थिजला.

साहेबांनी मला बोलावलं. कट्ट्यावर कोणी काय केलं याची नोंद आपसूक राहते. मी ती काढली. भट्टी खात्याच्या झाडून सगळ्या रजा मंजूर, आणि मंजूर करणारी सुजाता. मी डोळे पुसून परत वाचलं, तरी सुजाताच.

"पोरीने सगळ्यांना जत्रा घडवली," साहेब म्हणाले.

"साहेब, ती अशी नाही. रजा नाकारते म्हणून तर लोक तिच्यावर चिडतात."

"मग दुसऱ्या कोणाचं नाव असेल तर दाखवा."

ते कुठून दाखवणार? साहेब म्हणाले की आधी चौकशी होईल, आणि कायम करायचा विषय आता सोडाच.

मी तडक टाइम ऑफिसला गेले. सुजाता खिडकीपाशी बसली होती. रडून झालं होतं बहुतेक.

"खरं सांग गो," मी म्हटलं. "कोणी दबाव टाकला?"

"मी नाय केलं, ताई."

"अगं, पण नोंद तुझ्या नावावर आहे."

"ती मला नाय माहीत. मी अर्ज उघडला की तो मंजूरच आसतो."

"मंजूरच असतो म्हणजे?"

"म्हणजे मंजूरच. भट्टीवाल्यांचे तर नेहमीच. मला वाटायचं साहेबांनी आधी करून ठेवलाय."

"आणि साहेबांना काय वाटायचं?"

"त्यांना वाटत आसंल मी केलाय."

जत्रेचे अर्ज एवढे एकदम मंजूर दिसल्यावर तिला शंका आली होती. साहेब ठाण्याला गेले होते म्हणून तिने फोन करून विचारलं, "जत्रेच्या रजा मंजूर ना, साहेब?" ते म्हणाले, "हो हो, नेहमीसारखं." मग हिला काय वाटणार? मी साहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "मला वाटलं ती परवानगी मागतेय. नेहमीसारखं म्हणजे थोड्यांना सोड." आता यात खोटं कोण बोलतंय? मला तर दोघंही खरं बोलताना दिसत होती, आणि तसं कसं असेल ते काही केल्या कळेना.

मी माझ्या खोलीत येऊन भट्टी खात्याचा एक ताजा, कोणी न उघडलेला अर्ज उघडला. काही झालं नाही. 'प्रलंबित' असा पिवळा शब्द होता, तो पिवळाच राहिला. आणखी एक उघडला. तोही तसाच. कट्टा ठणठणीत होता. मग मन भलतीकडे धावायला लागलं. हिचा पासवर्ड कोणी घेतला असेल? हिच्या खुर्चीत कोणी बसत असेल? की हीच मला बनवतेय? त्या विचाराची मला लाज वाटली, पण तो जाईनाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आपोआप काय होत नसतं. दार कोणीतरी उचलतंच." मी त्याच्यावर एवढी खेकसले की तो जेवण सोडून अंगणात जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी साहेबांचा निरोप आला, सुजाताचा कॉम्प्युटर काढून घ्या. मी गेले. तिने डबा पिशवीत भरला, पाण्याची बाटली भरली, खुर्ची मागे सरकवली. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "थांब. जायच्या आधी एक अर्ज उघडून दाखव. रोज उघडतेस तसाच."

तिने एका अर्जावर टिचकी मारली, माऊस सोडला आणि सुटलेले केस बांधायला दोन्ही हात मानेमागे नेले. अर्ज उघडला. पिवळा 'प्रलंबित' दिसला. मी बघतेय तोवर त्याचा हिरवा 'मंजूर' झाला. हिचे दोन्ही हात अजून केसांतच.

"बघा," ती दातांत पिन धरून म्हणाली. "हे आसंच होतं."

मी तिला परत बसवलं. दुसरा अर्ज उघडायला लावला, तो पिवळाच राहिला. तिसरा आपोआप हिरवा. चौथा पुन्हा पिवळा. तोच कॉम्प्युटर, तीच मुलगी, आणि कट्टा आपल्या मनाने कोणाला हो म्हणतोय, कोणाला थांबवतोय. खोटं कशाला सांगू, भुताखेतावर माझा विश्वास नाही, पण त्या क्षणी कोणी भूत म्हटलं असतं तर मी वाद घातला नसता.

मग दोघींनी अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले. जे आपोआप मंजूर होत होते त्यांची भाषा एकच. 'महोदय, आपल्या कृपाछत्राखाली सेवा करीत असता कुलदैवताच्या दर्शनाचा योग आला असून...' आमच्या भट्टीवरचा एकही माणूस जन्मात असं बोलणार नाही. आणि खाली, सहीच्या जागी, एक बारीकशी चौकट. फाटक्या चित्राची असते तशी. एखादं चित्र सापडलं नाही की ब्राउझर त्याच्या जागी अशी चौकट दाखवतो. पण रजेच्या अर्जात चित्र कशाला?

भट्टीवरचे जुने कामगार बाळारामदादा जत्रेहून परतले होते, खांद्यावर नवी कोरी घोंगडी. मी त्यांना त्यांचाच अर्ज दाखवला.

"दादा, हा तुम्ही लिहिलात?"

"लिवला कसला. नक्कल केली."

कट्ट्यावर 'नक्कल' नावाचं एक बटण होतं. जुना अर्ज जसाच्या तसा पुढे यायचा, आपण नाव आणि तारीख बदलायची. पाळ्या जुळवता याव्यात म्हणून एका खात्यातले अर्ज त्या खात्यातल्या सगळ्यांना दिसायचे, त्यामुळे नक्कल कोणाचीही करता यायची.

"कोणाची नक्कल केलीत?"

"सगळे करतात तीच. आधी थोडेच करायचे, यंदा जत्रेला झाडून सगळ्यांनी केली. ती भाषा गुणाची हाय, ताई. त्या भाषेत लिवलं की रजा पास. आपल्या भाषेत लिवलं की सुजाता नाय म्हणते."

"आणि ही खालची चौकट?"

"तो शिक्का. शिक्का आला पायजे नकलेत. मागं आमच्यातल्या एकानं खोडला, त्याची रजा गेली."

मी कपाळाला हात लावला. भाषेचा काही संबंध नव्हता. त्या चौकटीच्या पोटात हुकूम होता. मुळात नसलेलंच चित्र मागवायचं, ते सापडलं नाही की 'या पानावर मंजूरचं बटण असेल तर दाब', असं त्यात लिहिलं होतं. माझ्या पानावर ते बटणच नव्हतं, म्हणून मी उघडला की काही होत नव्हतं. सुजाताच्या पानावर होतं. तिने वाचण्यासाठी नुसता अर्ज उघडला की ब्राउझर तिच्या नावाने बटण दाबायचा. आणि ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं इमानेइतबारे तो हुकूम एकमेकांच्या अर्जात नकलून घेत होती, शिक्का समजून. आपली साधी भाषा नापास होते आणि कृपाछत्र पास होतं, यात कोणाला काही वावगंही वाटलं नव्हतं. सरकारदरबारी असंच असतं, मग कंपनीत का नसावं?

नकलेची नक्कल शोधत मागे गेले तर पहिला अर्ज निघाला निखिलचा. मेंटेनन्सचा इंजिनिअर, कधीचाच पुण्याला नोकरी धरून गेलेला. मी फोन लावला.

"अहो ताई, अजून चालतंय ते?" तो हसायलाच लागला. "गंमत म्हणून केलं होतं. तुम्हाला सांगणार होतो, राहूनच गेलं."

"इथे एका मुलीची नोकरी चालली आहे, निखिल."

मग तो हसायचा थांबला. सगळं लिहून मेल करतो म्हणाला. मेल आला नाही. मला त्याचा राग आला आणि अजून आहे. गंमत करणारी माणसं नेहमी पुण्याला निघून जातात आणि निस्तरायला आम्ही मुरबाडला राहतो.

त्याच्या मेलची वाट बघण्यात अर्थ नव्हता. मी त्याच नकलेने स्वतःच्या नावाचा अर्ज केला. कुलदैवताच्या दर्शनासाठी उद्यापासून थेट दिवाळीपर्यंत रजा. आणि साहेबांना म्हटलं, "एवढा वाचून घ्या." त्यांनी उघडला. हिरवं 'मंजूर' आलं. खाली नाव त्यांचं.

"अहो, मी काही दाबलं नाही," साहेब म्हणाले.

"सुजाता हेच सांगत होती."

ते खुर्चीतून उठले आणि आधी माऊसकडे, मग स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. मला त्या दिवशी एवढा आनंद झाला की परतीच्या जीपमध्ये किन्हवलीपर्यंत मी उगाच सगळ्यांशी गप्पा मारल्या. ओळखीचे विचारत होते, "काय ताई, आज काय विशेष?" काय सांगणार, कप्पाळ.

पुढचं काम मला येत होतं. साहेबांनी पहिल्यांदाच डिस्पॅचचं नाव न काढता कट्टा बंद करू दिला. राहिलेल्या दुरुस्त्या बसवल्या. कोणी काहीही लिहिलं तरी ते अक्षर म्हणूनच दाखवायचं, त्यातलं काही करायचं नाही, अशी सक्ती केली. ब्राउझरला ताकीद दिली की आमच्या सर्व्हरवरून आलेले हुकूम तेवढेच पाळ, अर्जात आलेले पाळू नकोस. रजा मंजूर करताना पुन्हा पासवर्ड मागायला लावला. जुन्या अर्जांतल्या चौकटी झाडून काढल्या. नोटिशीवरची फुलं पडायची थांबली म्हणून क्वालिटीचे साहेब माझ्याशी बरेच दिवस धड बोलले नाहीत. बाळारामदादा येऊन म्हणाले, "ताई, शिक्का गेला, आता आमी काय करायचं?" मी म्हटलं, "आपल्या भाषेत लिहा." त्यांना ते काही पटलं नाही.

सुजाताचा कॉम्प्युटर मी स्वतः परत नेऊन जोडला. ती पडून राहिलेले अर्ज एकेक करून उघडत होती आणि ते पिवळे राहत होते. ती हसत होती.

मग एके दिवशी साहेबांनी बोलावलं. बसा म्हणाले, चहा मागवला. साहेबांनी चहा मागवला की काहीतरी नको ते गळ्यात पडणार, हे ठरलेलं.

"ताई, म्हणजे निखिल इथे होता तेव्हापासून भट्टीच्या बहुतेक रजा त्या चौकटीनेच मंजूर केल्या?"

"हो."

"सुजाताने नाही."

"नाही, साहेब. तेच तर सिद्ध झालं."

"आणि जत्रा सोडली तर एवढ्या दिवसांत कुठे काही अडलं?"

मी विचार करायला लागले. खरंच काही अडलं नव्हतं. माणसं रजेवर जायची, उरलेले निभावून न्यायचे. मला कळेना हे काय विचारतायत.

"मग रजेसाठी खिडकीत माणूस बसवायचा कशाला? हेड ऑफिसचं हेच म्हणणं आहे."

"साहेब, भट्टी फुटली ना," मी म्हटलं. "कोणी बघणारं नव्हतं म्हणूनच फुटली."

"ते आपण कट्ट्यालाच शिकवू. खात्यातले इतके गेले की पुढचे आपोआप नामंजूर. तुम्हाला जमेल ना ते?"

जमणार होतं. मी आयुष्यभर कामाच्या बाबतीत खोटं बोलले नाही, म्हणून हो म्हटलं. तोंडातून हो गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मी कशाला हो म्हटलं. मग मी बरंच काही बोलले. म्हटलं, ती मुलगी नाकारताना निदान कारण ऐकून घेते. कोणाची आई आजारी आहे, कोणाला नुसतं बैल बघायला जायचंय, हे तिला माहीत असतं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि बोलता बोलता उठून गेले.

सुजाताला कागद मिळाला. चौकशीत तिच्यावर कोणताही ठपका नाही, आणि जागा बंद झाल्यामुळे कंत्राट पुढे वाढवता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाखाली एक. ती माझ्याकडे पेढे घेऊन आली.

"ताई, तुमच्यामुळं नाव साफ झालं. बाबा वस्तीत मान खाली घालून फिरत व्हते."

मी पेढा घेतला आणि तसाच टेबलावर ठेवला. ती मला धीर देत होती, दुसरीकडे लागेल म्हणत होती. मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. पुढे तिचे वडील बाजारात भेटले. हात जोडून म्हणाले, "वयनी, पोरीचं नाव राखलंत." परमनंटचं काही विचारलं नाही. मेथीची जुडी घेतली आणि गेले.

रजेचं ते नवं तंत्र कट्ट्यावर मीच बसवलं. बरोबर चालतं. त्यात शिरायला मी फटसुद्धा ठेवली नाही. कोणाची रजा नाकारली गेली की तो माणूस आधी टाइम ऑफिसच्या बंद खिडकीपाशी जायचा, मग माझ्या खोलीत यायचा. "कोणाशी बोलायचं, ताई?" मी निवृत्त झाले, आता ते कोणाकडे जातात मला माहीत नाही.

मी चूक केली का? नवरा म्हणतो, तू तुझं काम केलंस. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, ती मुरबाडला जात होती. माझं म्हणाल तर मला अजूनही समजत नाही, की मी तिला कशातून सोडवलं आणि कशात ढकललं. मी तिच्या बाजूने जे जे खरं करून दाखवलं, त्यातलं एकेक त्यांनी तिच्याविरुद्ध वापरलं. मी काही कमी सिद्ध करायला हवं होतं का? मग ठपका राहिला असता.

परवा तिचा फोन आला. आसनगावला गाडीची वाट बघत होती. कल्याणला एका ठिकाणी मुलाखत झाली, पुन्हा बोलावलंय.

"चांगलं झालं की गो," मी म्हटलं.

"हो, पण ताई, त्यांनी इचारलं, तुमची काय चूक नव्हती तर तुमाला काढलं कशाला? मला सांगता नाय आलं. ते बोलले, उद्या नीट सांगा."

"खरं आहे ते सांग."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली. "खरं काय झालं ते तुमी सांगा ना, ताई. सावकाश सांगा. मी लिवून घेते."